शंकराला पट, भुलाबाईला पाट

जानेवारीतली दुपार होती. केळापूर तालुक्यातल्या एका गावी मी बचत गटाच्या बैठकीसाठी गेले होते. बैठक काही झाली नाही, कारण सगळ्या बाया कापूस वेचायला गेलेल्या. मग मीच शेतात गेले. गावाच्या दुसऱ्या अंगाला शंकरपट भरला होता आणि त्याच्या भोंग्याचा आवाज पऱ्हाटीच्या ओळींमधून आमच्यापर्यंत स्पष्ट येत होता. जोडी सुटली, इतके सेकंद झाले, अमुक गावच्या अमुकांच्या जोडीनं दान मारलं. शेताचा मालक पटाला गेला होता. वेचणाऱ्या बायांचे नवरे आणि मोठे मुलगेही पटालाच होते. शेतात कमरेला ओटी बांधलेल्या अकरा बाया, दोन शाळकरी पोरी आणि झाडाखाली झोळीत एक तान्हं बाळ.

मी विचारलं, "तुम्ही नाही गेलात पट पाहायला?" एक पन्नाशीची बाई हात न थांबवता म्हणाली, "ताई, पट त्यायचा, पऱ्हाटी आमची."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण परत येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. मजुरी किलोवर मिळते, म्हणून मान वर केली की पैसे बुडतात, हे तर खरंच. पण त्या वाक्यात त्याहून मोठी वाटणी होती. खेळ, गर्दी, जल्लोष, गावाचं नाव हे सगळं त्यांचं, आणि ज्याच्या जिवावर हे चालतं ते काम आमचं. या वाटणीबद्दलच आज लिहायचं आहे. कारण याच वाटणीला आपल्याकडे "आपली संस्कृती", "आपली परंपरा" आणि "आपल्या देशाची ओळख" म्हटलं जातं.

शंकरपटाचीच गोष्ट घ्या. सर्वोच्च न्यायालयानं 7 मे 2014 रोजी जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. बैलाला यातना देऊन करमणूक करू नये, असा तो निकाल होता. त्यानंतर महाराष्ट्रात काय झालं ते आपण पाहिलं आहे. मोर्चे निघाले, रस्ते अडवले गेले, सगळ्या पक्षांचे पुढारी एका सुरात बोलू लागले. 2017 मध्ये विधिमंडळानं कायद्यात दुरुस्ती केली. 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. हा खेळ संस्कृतीचा भाग आहे असं विधिमंडळानं ठरवलं आहे, त्यात आम्ही वेगळं मत देणार नाही, अशी भूमिका घटनापीठानं घेतली.

बैलांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. पण आज माझा मुद्दा बैलांचा नाही. प्रश्न असा आहे की, संस्कृती म्हणजे काय हे विधिमंडळ ठरवणार असेल, तर ते ठरवताना त्या शेतातल्या अकरा बायांना कोणी विचारलं होतं का? त्यांच्यासाठी कोणत्या पक्षानं कधी रस्ता अडवला?

याच 2021 सालात आपल्या शेजारी आणखी एक निर्णय झाला होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायकांनी वर्षानुवर्षं पायपीट करून, मोर्चे काढून 2015 मध्ये मिळवलेली दारूबंदी सरकारनं उठवली. अंमलबजावणी होत नाही, बेकायदा दारू वाढली, असं कारण सांगितलं. बघा हं. शर्यतींवरच्या बंदीचीही अंमलबजावणी नीट होत नव्हती, चोरून पट भरतच होते. तिथे मात्र सरकार म्हणालं, ही लोकांची भावना आहे. बायकांची मागणी टिकवायला यंत्रणा कमी पडते, पुरुषांची हौस टिकवायला घटनापीठापर्यंत वकील उभे राहतात. लोक म्हणजे कोण, हे यातून कळतं.

आणि पटाच्या नियमांत बैलाला काठी, चाबूक लावायचा नाही असं लिहिलं आहे. चांगलंच आहे. पण जोडी हरल्याचा, पैज हरल्याचा आणि पटाभोवतीच्या दारूचा राग संध्याकाळी ज्या घरांत निघतो, त्या घरांत नियम पाळला जातो का, हे बघायला कोणी उभं नसतं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आपण भांडून मिळवला. तो गावात पोचवायला आजही आपल्यालाच पायी फिरावं लागतं.

देशाची ओळख ही काही आभाळातून पडत नाही. ती घडवावी लागते, आणि बहुतेक वेळा ती मैदानात, रस्त्यावर, गर्दीत घडवली जाते. लोकमान्य टिळकांना हे नेमकं कळलं होतं. घरातला गणपती 1893 पासून त्यांनी चौकात आणला, तेव्हा लोकांना एकत्र यायला निमित्त मिळालं आणि त्या निमित्तातून राजकारण उभं राहिलं. 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्याच सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. 2022 मध्ये दहीहंडीला साहसी खेळ ठरवलं. आपल्या विदर्भाचंही उदाहरण आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये सुरू झालं आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथली मुलं कबड्डीसारखे देशी खेळ जगाला दाखवून आली. देश गुलाम होता, पण खेळानं त्याला अंगभर ताठ उभं राहायला शिकवलं. हे मी नाकारत नाही. उलट मला तेच म्हणायचं आहे. खेळ आणि उत्सव ही करमणुकीपुरती गोष्ट नाही. मैदानात जो उभा राहतो त्याचा देश होतो. जो प्रेक्षकांत असतो त्याला देश पाहायला मिळतो. आणि जी घरी स्वयंपाक करत असते तिला देशाचा नुसता आवाज ऐकू येतो, भोंग्यातून.

कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ. आशियाई स्पर्धांत पुरुषांची कबड्डी 1990 मध्ये आली. बायकांची यायला 2010 साल उजाडलं. वीस वर्षं! म्हणजे पहिल्या वेळी कबड्डीत जी मुलगी पंधरा वर्षांची होती, तिच्या पोरीचंही लग्न ठरवायची घाई तोवर सुरू झाली असेल. क्रिकेटचं तर आणखी मजेशीर आहे. विश्वचषक म्हटलं की आपल्याला 1983 आठवतं. पण क्रिकेटचा पहिला विश्वचषक बायकांचा झाला, 1973 मध्ये. पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनी. हे शाळेत कोणी शिकवलं होतं का तुम्हाला? मला नाही.

2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तोही आपल्या मुलींनी जिंकला, कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मी खूप आनंदले. पण दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याहून गावात गेले तर वेचणीच्या बाया रोजच्यासारख्या रांगेत निघाल्या होत्या. त्यांतल्या एका पोरीनं मला विचारलं, "ताई, त्या पोरींच्या घरी भांडे कोण घासते?" तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मैत्रिणींनो, आपल्या साऱ्या चळवळीचा प्रश्न त्या चौदा वर्षांच्या पोरीनं एका वाक्यात विचारला.

आता आपल्या, म्हणजे बायकांच्या खेळाकडे येऊ. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला, हादगा म्हणतात, त्याचीच ही आपली बहीण. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर. संध्याकाळी पोरी जमायच्या, टाळ्यांवर गाणी म्हणायच्या, मग डबा वाजवून खिरापत ओळखायची. गाण्यांतून सासरचा जाच, माहेरची ओढ, नणंदेचे टोमणे सगळं बाहेर पडायचं. जे उघड बोललं तर मार बसेल, ते गाण्यात चालायचं. ती आपल्या आजीपणजीची सभाच होती म्हणा ना.

तीच भुलाबाई आज किती अंगणांत बसते? पांढरकवड्यात काही ठिकाणी स्पर्धा होतात, सभागृहात, एकसारख्या साड्या नेसून. खेड्यात मात्र ती विरळ झाली. मोबाइल आला म्हणून, असं लोक सांगतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. मोबाइल पुरुषांकडेही आला, त्यांचा पट बंद पडला नाही. बायांचा खेळ मागे पडला, कारण त्याला जागा नव्हती, पैसा नव्हता आणि मुख्य म्हणजे वेळ नव्हता.

गंमत बघा. पटाच्या नावातच शंकर आहे. शंकराच्या वाट्याला मोकळं मैदान, मांडव, भोंगा, आमदार-खासदारांच्या हस्ते बक्षीस. त्याच शंकराची बायको भुलाबाई. तिच्या वाट्याला घराच्या कोपऱ्यात एक लाकडी पाट. शंकराला पट आणि भुलाबाईला पाट! पोळ्याचंही तेच. पुरणपोळी आम्ही करायची, बैलांचे पाय आम्ही धुवायचे, ओवाळायचं आम्ही. तोरणाखाली झडत्या म्हणायला मात्र बापे. निंदण, खुरपण, वेचणी बाईची, पण शेतकरी म्हणताना डोळ्यांपुढे येतो तो फेटेवाला पुरुष. आपल्या देशात 15 ऑक्टोबर हा महिला किसान दिवस आहे, संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे साल शेतकरी स्त्रियांचं म्हणून जाहीर केलं. तालुक्यातल्या किती बाजार समित्यांच्या आवारात त्याची आठवण निघते, तुम्हीच बघा.

वेळ नव्हता, असं मी म्हटलं. हे उगाच म्हटलं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं 2024 मध्ये लोक दिवसभरात कशावर किती वेळ घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी 289 मिनिटं घालवतात, आणि घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटं. लक्षात घ्या, ही 88 मिनिटं घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची आहेत. हातच न लावणारे यात धरलेलेच नाहीत. फरक 201 मिनिटांचा. वर्षाचे बाराशेहून अधिक तास. याचा अर्थ, बाईचे बाराशे तास दरवर्षी चुलीत, धुण्यात आणि भांड्यांत जातात आणि त्याच तासांतून पुरुषांचा पट, पार, पत्ते, मंडळ, मिरवणूक आणि राजकारण उभं राहतं. पुरुषाचा रिकामा वेळ त्याला देवानं दिलेला नाही. तो बाईच्या अंगावरून काढून घेतलेला आहे.

म्हणून कोणी म्हणालं की, "बायकांना कोणी अडवलंय? यावं त्यांनी मैदानात," तर त्याला हा हिशेब दाखवावा. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात बायकांनीही जोड्या हाकल्या आहेत. धुरकरी म्हणून बाई उभी राहिली याचा मला अभिमान वाटतो. पण वर्षातून एकदा एका बाईच्या हाती कासरा दिल्यानं वाटणी बदलत नाही. तिच्या घरच्या चुलीचा कासरा त्या दिवशी कोणी धरला, हेही भोंग्यावरून सांगा, मग टाळ्या वाजवू.

आता आपलाही थोडा झाडा घेऊ. आपण बायकांनी एकत्र यायचं ठरवलं की काय करतो? हळदीकुंकू. बचत गटाचा मेळावा असो, आठ मार्च असो की पुढाऱ्याच्या बायकोचा कार्यक्रम. आणि यवतमाळ कोणता जिल्हा आहे? शेतकरी आत्महत्यांनी देशभर नाव झालेला जिल्हा. गावागावांत पंचविशी-तिशीच्या विधवा आहेत. कर्ज त्यांच्यावर, पोरं त्यांच्यावर, पात्र-अपात्रच्या कागदांसाठी तहसीलचे हेलपाटे त्यांनाच. आणि आपण ज्याला बायकांचा सण म्हणतो, त्याच्या दारातच त्यांना थांबवतो! एका गावात संक्रांतीच्या वाणाला अशी एक पोर आली नाही म्हणून मी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "मी आली असती तं बाकीच्या बायाचा विचका झाला असता." ही लाज तिची नाही, आपली आहे. पुरुषांनी आपल्याला मैदानाबाहेर ठेवलं म्हणून रडायचं आणि आपल्या अंगणाबाहेर आपणच बहिणीला उभं करायचं, हे चालणार नाही.

हे बदलत नाही असं कोणी सांगू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. परंपरा ठरावानं मोडता येते. बैलांसाठी जर कायदा बदलता येतो तर विधवेसाठी वाण का बदलता येऊ नये?

आणि आपल्याकडे दुसरी परंपराही आहे, ती आपणच विसरतो. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः आले होते. हजारो बाया जमल्या होत्या आणि त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला. स्वातंत्र्याच्या पाच वर्षं आधी! आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या तालुक्यातल्या मायबहिणी पोरंबाळं घेऊन, भाकरी बांधून दीक्षाभूमीवर जातात. तिथे त्या कोणाला ओवाळायला जात नाहीत. स्वतःसाठी जातात, विधवाही जातात, परतताना पुस्तकं घेऊन येतात. बाई माणूस म्हणून गर्दीत उभी राहते तेव्हा देशाची कोणती ओळख तयार होते, हे पाहायचं तर ते तिथे पाहावं.

काही मैत्रिणी म्हणतील, आधी जमीन, पाणी, मारहाण, दारू यावर बोला, खेळाचं काय घेऊन बसलात? मीही सुरुवातीला असंच म्हणत असे. पण दहा-बारा वर्षं या भागात काम करून माझं मत बदललं. ज्या बाईला संध्याकाळचा एक तास स्वतःचा नाही ती ग्रामसभेला कशी येणार? ग्रामसभेला आली नाही तर जमिनीच्या फेरफारावर बोलणार कोण? बाईला खेळायला वेळ हवा, हे लाडाचं मागणं नाही. सगळ्या मागण्यांचं तोंड तिथेच उघडतं. तालुक्यातल्या एका गावी आम्ही तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, बायांच्या खो-खोसाठी मैदान मागितलं होतं. उत्तर आलं, पटाची तयारी चालू आहे, तुम्ही मंदिराच्या ओट्यावर घ्या. खो-खो, ओट्यावर! त्या दिवशी मला कळलं की जमिनीचा प्रश्न सातबाऱ्यापुरता नसतो.

तेव्हा ठरवायचं ते असं. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती कागदावर होऊ द्यायची नाही. तिथे पहिला ठराव मैदानाचा करायचा: ज्या गावात पट भरतो त्या गावात त्याच मैदानावर, त्याच मांडवात, बायांच्या खेळांचा दिवस झाला पाहिजे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. त्यातून मैदानावर दिवे आणि पाळणाघर मागायचं. त्या दिवशी स्वयंपाक बाप्यांनी करायचा, सगळ्यांचा. दुसरा ठराव विधवा प्रथांचा, हेरवाडसारखा. आणि येत्या भाद्रपदात भुलाबाई पाटावरून उठवून चौकात आणायची. टिळकांना गणपती चौकात आणता आला, आपल्याला भुलाबाई का आणता येऊ नये? खिरापत ओळखायला सगळ्या जणी येतील, कुंकू लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या, कोलामांच्या पोडावरच्या आणि गावठाणातल्या, भुलाबाई मानणाऱ्या आणि न मानणाऱ्याही. गाणी जुनी असतील तशी नवी बांधू. सासूच्या तक्रारी पुरे झाल्या, आता त्यात सावकाराचं, दारूच्या दुकानाचं आणि सातबाऱ्याचं नाव येऊ द्या.

शेतातली ती बाई म्हणाली होती, पट त्यायचा, पऱ्हाटी आमची. पुढच्या वेळी मी तिला भेटेन तेव्हा मला सांगायचं आहे, पऱ्हाटी दोघांची आणि मैदानही दोघांचं. हे सांगता यावं म्हणून आपण काय करणार, ते आपापल्या गावाहून नक्की कळवा.